आई, तुझी खासगी कुठे आहे?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. मुलं झोपल्यावर वाचा, नाहीतर एमआरटीत उभ्याउभ्या वाचा. सुरुवात शाळेच्या प्रोजेक्टपासून झाली, पण ते प्रकरण माझ्यावरच येऊन थांबलं, म्हणून लिहितेय.

आमची लेक तेरा वर्षांची. इथे सिंगापुरात ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. या टर्मला त्यांना इतिहासात ट्यूडर घराणं होतं. आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या, मग पहिली एलिझाबेथ. बाईंनी प्रोजेक्ट दिला: त्या काळातली सरदार घराण्यातली एक बाई निवडा, राणी चालणार नाही. तिच्या शेजारी तुमच्या स्वतःच्या मुलखातली एक बाई ठेवा. आणि दोघींच्या हातात खरी सत्ता किती होती ते सांगा.

"सत्ता मोजायची कशी गं?" लेकीने विचारलं.

मी पडले चार्टर्ड अकाउंटंट. म्हटलं, "पैसे कुणाच्या नावावर होते ते बघ." सहज बोलून गेले.

तिने बेस ऑफ हार्डविक निवडली. का, तर म्हणे तिला चार नवरे होते. असो. मदत करायला म्हणून मीही वाचायला बसले आणि मला ही बाई भलतीच आवडली. डर्बीशरमधल्या बेताच्या जमीनदाराची मुलगी, जन्म १५२७ च्या आसपास. पहिलं लग्न कोवळ्या वयात झालं आणि नवरा १५४४ मध्ये गेला. तिथल्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीत एक तृतीयांश हिस्सा हयातभर मिळायचा. सासरचे देईनात. ही पोरसवदा विधवा कोर्टात गेली आणि हिस्सा घेऊनच थांबली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, दरबारच्या खजिन्यावरचा अधिकारी. १५५७ मध्ये त्याच्या हिशेबाची तपासणी झाली आणि पाच हजार पौंडांहून जास्त तूट निघाली. (इथे मी खुर्चीत सावरून बसले.) त्याच वर्षी तो गेला. बेसच्या पदरात सहा मुलं आणि सरकारचं देणं. त्यातून ती बाहेर आली. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल, देशातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक. या जोडप्यावर स्कॉटलंडची राणी मेरी हिला नजरकैदेत सांभाळायचं काम आलं, ते पंधराएक वर्षं. खर्च वारेमाप, वरून येणारा पैसा अपुरा. नवरा-बायकोचं मिळकतीवरून असं जुंपलं की खुद्द एलिझाबेथ राणीला मध्ये पडावं लागलं.

पण यातला खरा मुद्दा वेगळाच आहे. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जायची. वकिलांकडून आधीच वेगळी व्यवस्था करून घेतली असेल तरच काही तिच्याकडे उरायचं. बेस पूर्ण अर्थाने आपल्या पैशाची मालकीण झाली ती १५९० मध्ये चौथा नवरा गेल्यावर. वय साठीच्या पुढे. मग तिने हार्डविक हॉल बांधून काढला, १५९७ मध्ये राहायला गेली. काच महाग असलेल्या काळात भिंतीभर खिडक्या, आणि सगळ्या मनोऱ्यांच्या टोकाला दगडात कोरलेली स्वतःची आद्याक्षरं, मुलखातून कुठूनही दिसतील अशी! तिच्या हिशेबाच्या वह्या अजून शाबूत आहेत. कामगारांना काय दिलं, दगडाला काय लागलं, आणि खाली तपासून केलेली तिची सही. आर्टिकलशिपच्या दिवसांत पुण्याच्या ऑफिसात व्हाउचरांच्या ढिगाऱ्यावर टिका मारत बसलेली मी मला आठवले.

आता दुसरी बाई. झाशीची राणी वर्गातल्या दोघींनी आधीच घेतली होती. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून सासूबाई म्हणाल्या, "अहिल्याबाई घे गं बाळा. पुण्यश्लोक."

खरं सांगू? मला अहिल्याबाई माहीत होत्या त्या शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापुरत्या. पांढरं पातळ, हातात पिंड, आणि धड्याखाली देवळांची यादी. लेकीनेही तशीच स्लाइड केली. ३१ मे १७२५, चौंडी गाव, पूर्वीचा नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. मल्हारराव होळकरांची सून. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला, ती सती जायला निघाली, सासऱ्यांनी थांबवलं. पुढे त्यांनीच तिला कारभारात घातलं. १७६५ मधल्या एका पत्रात ते सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात. आज किती सासरे सुनेला गाडीची किल्ली देतात? १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलावणं धाडलं, दादा फौज घेऊन आले आणि परत गेले, तो भाग सगळ्यांना पाठ आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंचा कारभार मान्य केला. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या, म्हणजे अठ्ठावीसेक वर्षं कारभार.

मग देवळं. काशीचं विश्वेश्वराचं, १७८० च्या सुमारास. गयेचं विष्णुपद. सोमनाथ. घाट, विहिरी, धर्मशाळा. भारताच्या नकाशावर ठिपके देताना लेक थांबली.

"आई, ही गावं तर तिच्या राज्यात नाहीत."

"नाहीत."

"मग कुणाच्या पैशाने? तिच्या लोकांनी टॅक्स भरला आणि तिने काशीला देऊळ बांधलं? ऑडिटमध्ये हे चालतं का?"

आता अशा प्रश्नावर कुठली सीए आई झोपेल! दोन रात्री मी वाचत बसले. आणि उत्तर सापडलं ते आपण रोज वापरतो त्या शब्दात. खासगी. खासगी क्लास, खासगी बस, जरा खासगी बोलायचंय.

होळकरांच्या दफ्तरात दोन वेगळी खाती होती. एक दौलत, म्हणजे संस्थानाचा महसूल. त्यातून फौज, किल्ले, कारकून, सगळा सरकारी खर्च. दुसरी खासगी. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने काही गावं-परगणे तोडून दिले. सरंजाम मल्हाररावांचा, पण ही गावं बाईंची. त्यांचं उत्पन्न दौलतीत मिसळायचं नाही, कारकून वेगळे, वही वेगळी. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे आली. नवऱ्याकडून नव्हे, सासऱ्याकडूनही नव्हे, सासूकडून! हे मी दोनदा वाचलं. काशीपासून सोमनाथपर्यंतचा दानधर्म झाला तो या खात्यातून. दौलतीच्या पैशाला त्यासाठी हात नाही.

लेकीने लगेच पकडलं, "पण त्या गावातल्या शेतकऱ्यांनीच दिले ना पैसे?" बरोबर आहे तिचं. अठराव्या शतकातली खासगी शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातूनच भरायची. बेसचं भाडंही कुळांनीच भरलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की आपलं काय आणि राज्याचं काय ही रेघ इथे निदान होती.

सहीची गंमत तर लेकीला फारच आवडली. बेसने स्वतःची अक्षरं छपरावर चढवली. अहिल्याबाईंच्या हुकमांवर नाव त्यांचं नाही, 'श्रीशंकर' असं. राज्य शंकराचं, आपण कारभारी. लेक म्हणाली, "म्हणजे ती एमडी आणि शंकर चेअरमन." मी हसले, पण विचार करा, एकटी विधवा गादी सांभाळतेय, चहूबाजूंनी पुरुष टपलेले. हुकूम शंकराचा म्हटल्यावर वाद कोण घालणार? भक्ती खरी होतीच. हुशारीही होती असं मला वाटतं.

आता तुकोजीरावांबद्दल. हा भाग धड्यात नव्हता आणि मला सगळ्यात जास्त रस यातच. फौज तुकोजी होळकरांच्या हाती. ते वयाने बाईंपेक्षा मोठे, तरी त्यांना मातोश्री म्हणायचे. ते मोहिमेवर दूर, तिथला वसूल ते गोळा करणार, आणि तरी महेश्वरकडे सारखी पैशाची मागणी. बाईंचं म्हणणं, आधीच्या वसुलाचा हिशेब पाठवा, मग पुढचं बोला. हे वर्षानुवर्षं चाललं. पार महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्यापर्यंत गेलं. (फडणीस म्हणजे हिशेब-दफ्तराचा अधिकारी. आपलाच धंदा.) ऑडिटर म्हणून मी शंभर टक्के बाईंच्या बाजूने. पण परमुलखात पगार थकलेली फौज घेऊन बसलेल्या माणसाला 'आधी पावत्या दाखव' म्हटलं की काय वाटत असेल, तेही मी क्लायंटच्या चेहऱ्यांवर पाहिलंय. त्या तिढ्यात दोघंही चुकले असावेत, आणि त्याची किंमत होळकरांच्या फौजेने मोजली.

एक गोष्ट मात्र निर्विवाद. सर जॉन माल्कम १८१८ नंतर माळव्यात इंग्रजांचा अधिकारी होता. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती, त्यांना विचारून त्याने लिहून ठेवलं. निपुत्रिक सावकार मेला की त्याची संपत्ती सरकारजमा करायची, निदान दत्तक घ्यायला परवानगी देण्यासाठी मोठा नजराणा उकळायचा, ही सगळीकडची रीत. बाईंनी ती संपत्ती विधवांकडेच ठेवली. स्वतःला खासगी असलेल्या बाईलाच हे सुचणार, असं माझं मत.

आणि मग मुक्ताबाई.

हे लेकीला सांगायचं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा तरुणपणी वारला. १७९१ मध्ये नवरा यशवंतराव फणसेही गेला, आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पायावर डोकं ठेवून विनवलं. मुलगी म्हणाली की तुझे थोडे दिवस राहिलेत, तू गेल्यावर मी कुणाकडे बघून जगू. माल्कमने तो प्रसंग लिहिलाय. नर्मदेच्या काठावर दोन ब्राह्मणांनी दोन्ही हात धरलेले, आई उभी राहून बघतेय. नंतर तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. जिला स्वतःला सासऱ्याने थांबवलं होतं, तिला लेकीला थांबवता आलं नाही. घाट बांधता आले, फौजेचा हिशेब मागता आला, विधवांचे पैसे राखता आले. हे नाही.

लेक ऐकून बराच वेळ गप्प बसली. स्लाइडमध्ये तिने ते घेतलं नाही. मीही घे म्हटलं नाही.

आमच्यातल्या हिशेबवाल्यांसाठी एक जाता जाता: खासगीचा वाद २०२२ पर्यंत कोर्टात गाजला. १९६२ मध्ये या सगळ्या धर्मादाय मिळकतींचा ट्रस्ट झाला, त्यातल्या काही विकण्यावरून प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेलं, २०२० मध्ये तिथे निकाल लागला, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ट्रस्टला सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदणी करायला सांगितलं. म्हणजे जवळपास तीनशे वर्षांनी तोच प्रश्न. पैसे नक्की कुणाचे?

आता माझं.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री शेवटची स्लाइड चालली होती. दोन रकाने, बेस आणि अहिल्याबाई. लग्नाआधी स्वतःचं काय, लग्नात काय, वैधव्यात काय. मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. लेकीने मान न वळवता विचारलं, "आई, तुझी खासगी कुठे आहे?"

मी म्हटलं, "आमचं जॉइंट अकाउंट आहे ना."

"जॉइंट म्हणजे दौलत ना?"

इथे डिपेंडंट पासवर आलेल्या बायकांना पुढचं सांगायची गरज नाही. मी नवऱ्याच्या नोकरीमागे आले. लेटर ऑफ कन्सेंटवर एका छोट्या फर्ममध्ये अर्धवेळ काम करायचे. १ मे २०२१ पासून नियम बदलला, काम करायचं तर स्वतःचा वर्क पास हवा. माझ्या पत्राची मुदत होती तोवर चाललं, मग फर्मने पास काढायला नको म्हटलं. तेव्हापासून घरी. नवऱ्याच्या कार्डावरचं सप्लिमेंटरी कार्ड माझ्याकडे. मी फेअरप्राइसमध्ये कोथिंबीर घेतली की मेसेज त्याच्या फोनवर.

नवरा वाईट नाही हो, लगेच कॉमेंटमध्ये त्याच्यावर तुटून पडू नका. त्याने आजवर एका पैशाचा हिशेब मागितलेला नाही. पण गेल्या वर्षी सांगलीला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. चाळीस हजार रुपये पाठवायचे होते. मी दोन दिवस योग्य वेळ शोधत होते. कशाची वेळ? मी, जिच्या सहीवर लोकांच्या कंपन्यांचे ताळेबंद बँकेत जात होते! शेवटी जेवताना बोलले. तो म्हणाला, "अगं, मागतेस काय, नुसतं सांगायचं." लगेच पाठवले. चाळीसच्या जागी पन्नास. आणि मला रात्री झोप लागली नाही, कारण सांगणंही मला मागण्यासारखंच वाटत होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं.

लेकीचा प्रश्न मी त्याला सांगितला. आधी हसला. मग दुखावला. "मी काय तुला कमी पडू दिलंय?" तीन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. चौथ्या दिवशी मी माझ्या पद्धतीने गेले, एक्सेल उघडलं. घरभाडं, फी, विमा, भारतातलं, सगळं घातलं. एक ओळ जास्त घातली. त्याने ओळीचं नाव वाचलं. म्हणाला, "पॉकेटमनी म्हण ना." म्हटलं नाही. पॉकेटमनी मुलांना देतात. बराच वेळ आकडा बघत राहिला, मग त्याने स्वतःच तो थोडा वाढवला. दर महिन्याच्या १ तारखेला, फक्त माझ्या नावाच्या खात्यात, न सांगता, न मागता. मेसेज माझ्या फोनवर.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. अजून कधी कधी तो विचारतो, "तुझ्यातून देतेस की आपल्यातून?" आणि त्या 'तुझ्यातून'ला जराशी धार असते. नोकरीचं शोधणंही चालूच आहे. खासगी म्हणजे पगार नव्हे, हे मला कळतं.

सासूबाईंना सांगायला मी घाबरत होते. लेकीनेच कॉलवर सांगून टाकलं. त्या उठल्या, खोलीचं दार लोटून घेतलं, सासरे बाहेर पेपर वाचत होते. मग फोन तोंडाजवळ आणून म्हणाल्या, "अगं, आमच्या गल्लीत भिशी होती. बत्तीस वर्षं. तुझ्या नणंदेच्या लग्नातल्या पाटल्या कुठून आल्या असं वाटतं तुला?" सासऱ्यांना आजतागायत वाटतं की त्या माहेरून आल्या. मी म्हटलं, "आई, मग त्यांना सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखं एक्सेल कुठे होतं गं मला."

प्रोजेक्टला चांगली ग्रेड मिळाली. बाईंनी 'खासगी' शब्दाखाली रेघ मारून लिहिलं होतं की वर्गाला हा शब्द समजावून सांग.

तर डीपीवरच्या मैत्रिणींनो, आणि डीपीवर असलेल्या त्या दोन-तीन नवरेमंडळींनो, तुमच्या घरी कसं आहे? वेगळं खातं आहे का, ठरलेली रक्कम आहे का, की भिशी? इथे सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर मला खासगीत लिहा.